पाच खोटी काडतुसं

वर्लीनचा नेम ठरलेला होता. संध्याकाळची प्रार्थना झाली की शिवणाच्या खोलीत जायचं, भिंतीवरच्या बदकाच्या चित्रावर आपलं छोटं रिव्हॉल्व्हर रोखायचं आणि वीस वेळा चाप ओढायचा. काडतुसं खोटी. नवऱ्यानं, ऑरिननं, बारूद न भरता घरीच केलेली, पण दिसायला हुबेहूब खरी.

टेनेसीतल्या त्या गावात दर दुसऱ्या शनिवारी नेमबाजीची स्पर्धा असे. बाकीच्यांची पिस्तुलं पंधरा-पंधरा गोळ्यांची, हिचं पाचांतच आटपायचं. मग भरत बसा. त्यामुळे वर्लीनचा नंबर नेहमी शेवटून पहिला.

"आजही शेवटची आलीस, तर ते खेळणं कपाटात," न्याहारीच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवर दाट ग्रेव्ही ओतत ऑरिन म्हणाला. "तुझ्यासाठी मोठं पिस्तूल घेऊन ठेवलंय."

"ते कमरेला वीट बांधल्यासारखं वाटतं रे." चर्चमधल्या गाण्याच्या तालमीहून ती सामसूम रस्त्यानं एकटी गाडी चालवत यायची. स्वेटरखालचं हे इवलंसं ओझं तिला सोबतीसारखं वाटे. तरी ती म्हणाली, "पण बरं. शब्द दिला."

मैदानावर पंच होते चर्चचे म्हातारे कारभारी डेविट. त्यांनी खूण केली, तिनं स्वेटरच्या खिशातून काडतुसं काढून भरली, शिट्टी वाजली.

खट्.

उडलं नाही तर पुन्हा ओढायचं, हे ती शिकलेली होती. तिनं पुन्हा ओढलं. खट्. असं पाच वेळा.

"शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून का गं?" मागून ऑरिन.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. स्वेटर कालचाच, खिशातली काडतुसं रोजच्या नेमाची, खोटी. ती पाडून तिनं दुसऱ्या खिशातली खरी भरली आणि पाचही गोळ्या मधल्या वर्तुळात घातल्या. पण घड्याळ कुणासाठी थांबतंय? नंबर शेवटचा.

डेविट मात्र खाली वाकून खोटी काडतुसं गोळा करत होते. "वर्लीनताई, पाच वेळा खट् झालं, पण नळी केसभर हलली नाही तुमची. ऑरिन, तू ये बघू."

तिचंच रिव्हॉल्व्हर त्यांनी खरी-खोटी मिसळून भरलं आणि कुठलं कुठे ते न सांगता त्याच्या हाती दिलं.

धाड. धाड. खट्.

तिसऱ्याला गोळी नव्हतीच, तरी ऑरिनच्या हातातली नळी कोंबडीनं दाणा टिपावा तशी खाली गेली. कुणाला तरी कॉफीचा ठसका लागला.

"धक्का यायच्या आधीच दचकतोस की रे बाबा," डेविट हळूच म्हणाले. "म्हणून तुझ्या गोळ्या मातीत जातात."

घरी येताना वर्लीननं रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढे धरलं. "शब्द म्हणजे शब्द. ठेव कपाटात."

त्यानं ते घेऊन खिशात घातलं.

संध्याकाळी प्रार्थना उरकून ती सवयीनं शिवणाच्या खोलीकडे वळली. दार आतून बंद. आत खट्. मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा खट्.

"ऑरिन?"

"अजून अकरा राहिलेत," आतून आवाज आला. "मग तुला देतो. तोवर तू ओव्हनमधला ॲपल पाय काप."