कादंबरीत नसलेला मामा

अंबडच्या वाचनालयात नाना ज्या पद्धतीनं पुस्तक निवडायचे, ती मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. पुस्तक मधूनच उघडायचं, दोन ओळी वाचायच्या, डोळे मिटायचे आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बोटं ओढायची. मग निकाल. "धागा लांब हाये. लिहा माझ्या नावावर." नाहीतर, "कवडी. ठेवा परत."

नाना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून बघायचा, ओल तपासायची आणि प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. किडका, डागाळलेला कापूस म्हणजे कवडी. ही सगळी भाषा त्यांनी जशीच्या तशी साहित्याला लावली होती.

मी हायस्कूलला मराठी शिकवायचो. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला बी.ए. मीच, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितल्याशिवाय मी राहत नसे. तर बक्षीस मिळालेला एक जाडजूड कवितासंग्रह मी मोठ्या तोऱ्यात नानांना दिला. आठवड्याच्या आत तो शाळेच्या फाटकात माझ्या हातावर परत आला.

"सर, सरकी जास्त, रुई कमी."

"नाना, ती प्रतीकं आहेत."

"असतील. पर पिंजल्यावर हातात काय राह्यलं ते सांगा."

मी सांगितलं. तास भरल्याची घंटा होईपर्यंत सांगितलं. त्यांना पटलं नाही. माझं मत मात्र आजही तेच आहे, तो संग्रह चांगलाच आहे. आमची अशी भांडणं कायम चालत, आणि त्यांच्याशी भांडायला मिळावं म्हणून मी दुप्पट वाचू लागलो होतो.

आवडलेल्या पुस्तकाचं तर विचारूच नका. एकदा ऐन मे महिन्यातल्या दुपारी नाना दारात उभे, पायात चप्पल नाही. हातात एक पातळसा संग्रह, कुणातरी नव्या पोराचा.

"सर, उठा. बाई आडावर पाणी शेंदून राह्यली. वाकून बघती तर पाण्यात तिच्या आईचं तोंड. बस. चार ओळीत खेळ खलास."

अंगावर काटा आला माझ्या. मी म्हणालो, "सुपर ग्रेड."

"बिलकुल न्हाई. ह्याला ग्रेड द्यायचीच न्हाई. हे काट्यावर चढवायचा माल न्हाई."

बायकोनं पाण्याचा तांब्या आणला, तर पाणी राहिलं बाजूला, तिलाच कविता म्हणून दाखवली. मग शेजारच्या टेलरला. टेलरनं मशीन थांबवलं आणि "परत म्हना" म्हणाला, तेव्हा नाना अशा काही नजरेनं माझ्याकडं बघायला लागले, जणू कविता त्यांनीच लिहिली होती.

खरेदी केंद्रावरही तेच. गाड्यांची रांग लागलेली आणि नाना कापूस बघता बघता कादंबरी सांगणार. पुढचा शेतकरी म्हणायचा, "नाना, आधी माझी गाडी खाली करा, मंग त्या बाईचं सांगा." मागचा ओरडायचा, "तुला घाई आसंल तर तू जा, आमाला ऐकू दे."

नानांची बायको लवकर गेली. घरात ते आणि मुलगी सुमन. दोघांचा एक नियम होता: जो मोठ्यानं वाचेल त्याला भाकरी थापण्यापासून सुटी. त्यामुळं वाचायला भांडणं होत. पुढं सुमनला केदारखेड्याला दिलं. शेतीवाडीचं, खाऊन पिऊन सुखी घर. फक्त पुस्तकाला तिथं 'रिकामपणचे धंदे' म्हणत. सुमननं आपली पुस्तकं पेटीच्या तळाशी घातली, वर लुगडी ठेवली.

नानांची खरी अडचण वेगळीच होती. लेकीकडं बापानं सणावारी जावं. सारखं गेलं की लोक विचारतात, काय बिनसलं का? आणि नानांना तर तिला दर रविवारी बघायचं होतं.

एकदा ते असेच गेले. विहीणबाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "काय म्हनतं अंबड?" पूर्वी सुमनबरोबर वाचलेल्या एका कादंबरीतली इंदू नानांनी आपल्या गल्लीत राहायला आणली आणि तिची सासरची कहाणी खरी म्हणून सुरू केली. निम्म्यात एस्टीची वेळ झाली.

"आन् मंग?" विहीणबाईंनी विचारलं.

"इचारून येतो," नाना म्हणाले.

झालं. जालन्याला गाडी बदलून नाना दर रविवारी केदारखेड्याला. विहीणबाई इंदूच्या सासूला शिव्या घालायच्या, "आसली सासू आसती व्हय कुटं," आणि त्याच दमात, "सुमन, उभी काय ऱ्हायलीस, चहा टाक." पण सुमन चहा टाकून परत चौकटीत येऊन उभी राही. नानांना तेवढंच हवं होतं.

एका रविवारी मीही सोबत गेलो. ती कादंबरी मी वाचलेली. एस्टीत नानांनी एकही पुस्तक उघडलं नाही, ही गोष्टच नवलाची.

"आज शेवट का?" मी विचारलं.

"शेवट कसा करू, सर? शेवट केला तर फुडच्या ऐतवारी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

ओसरीत विहीणबाई सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. नानांनी सुरू केलं, आणि मी चमकलो. इंदूला एक मामा निघाला. लांबून एस्टीनं येतो, ओसरीत टेकतो, पोरीकडं बघतो आणि गाडीची वेळ झाली की उठतो. कादंबरीत असा मामा नव्हता. मी तोंड उघडणार तोच नानांनी माझ्या पायावर पाय दिला.

विहीणबाईंचा हात थांबला. "पाव्हनं, पुस्तकात मामा न्हाई."

नानांचा चेहरा उतरला.

"तुमी येईपत्तर दम निघंना. हिला इचारलं, काय गं, तुज्या गल्लीतली ना ती इंदू? तर हिनं पेटीतून पुस्तकच काढलं. वाचून दावलं मला समदं. सासू मेली शेवटी, बरं झालं."

चौकटीत सुमन तोंडाला पदर लावून खाली बघत होती. नाना उठू लागले. "चला सर. गाडी आसंल."

"बसा. मामा वाईट हाये म्हनलं का म्या? चांगला मानूस हाये. यवढे धक्के खात येतो. त्या घरचे त्याला एक दिस ऱ्हा म्हनत न्हाईत का?"

"आजून तरी न्हाई म्हनले," नाना जमिनीकडं बघत म्हणाले.

विहीणबाईंनी शेंगांचं सूप सुमनकडं सरकवलं आणि माझ्याकडं वळल्या. "सर, तुमची उद्या शाळा आसंल. तुमी गाडी गाठा. मामा ऱ्हातील."