रांगेतील किल्ली दिल्याचे वर्तमान

श्री. ज्यांच्या दारी मोठमोठ्यांस थांबणे पडते त्या सकळ द्वारपाळांस प्रथम वंदन करून, मग पाहिले वर्तमान लिहितो ते ऐसे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पंचमीस एका राज्यांत घाटमाथ्यावर पेंडीच्या कारखान्याचा कोट होता आणि त्या कोटास एकच दरवाजा आणि आंत हमालांची एकच टोळी होती. एक गाडी भरावयास पाऊण तास लागे आणि तोंवर मागील सर्व सरदार आपापल्या दहा चाकी गाड्यांवर आरूढ होऊन रस्त्याच्या कडेस तिष्ठत. त्यांत रंगनाथराव ढोबळे हे सातवे होते. राव सारी रात्र गाडी हांकून सकाळी सातास दाखल जाहले, डोळा लागला नव्हता, आणि माल भरून सांजेपूर्वी तोच घाट उतरावा ऐसी मालकाची आज्ञा होती. पंधरा दिवसांमागे याच घाटांत रावांस पळभर डुलकी लागली होती आणि गाडी कठड्यास टेकून राहिली होती, कठड्यापलीकडे कांही नव्हते. तेव्हांपासून रावांच्या घरीं बाईसाहेब रोज फोनवर एकच पुसत, "झोपलात का?"

आतां कोणी म्हणेल, पाच तास थांबणे आहे तर झोपावे, त्यांत मसलत कसली? तर त्या दरबारीं चाल ऐसी होती कीं, पुढील गाडी आंत गेली म्हणजे रांग एक गाडी पुढे सरके, आणि दरवाज्याचे नाईक तीन शिट्ट्या फुंकीत. तीन शिट्ट्यांत जो सरकला नाही त्याचा नंबर गेला, त्याने शेपटास जावे. म्हणून सारे सरदार पाऊण पाऊण तासाने दचकून उठत, एक गाडी पुढे जात आणि पुन्हा मान टाकीत, आणि ऐसे दिवसभर न झोपतां, न जागतां, माल भरून घाटास लागत. यास ते वाट पाहणे म्हणत. आम्ही पाहिले, तो यांत वाट कोणीच पाहत नव्हते, सारे शिट्टी ऐकत होते.

रावांच्या मागे आठवे गुलाबभाई मुलाणी उभे होते. या दोघांचे तीन वर्षे वाकडे होते, कारण एकदां राव चहास उतरले असतां भाईंनी गाडी पुढे घातली होती. नऊच्या सुमारास, दरवाजा उघडण्याआधी, राव मागील केबिनीपाशी गेले आणि बहुत वेळ टायर पाहत राहिले, मग म्हणाले, "भाई, झोप अनावर आहे. माझी गाडी सरकवशील?"

"आणि किल्ली?"

"ही घे."

त्या मुलखांत ड्रायव्हर भाकरी देईल, अंथरूण देईल, परंतु किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे कोणी ऐकिले नव्हते. भाई म्हणाले, "ढोबळे, शुद्धीवर आहात ना?"

"नाही, म्हणून तर देतोय. गाडी गेली तर मालकाची जाईल. घाटांत गेलो तर मी जाईन."

मग राव आपल्या केबिनीतील फळीवर आडवे जाहले ते घोरूच लागले, आणि भाईंनी आधी रावांची गाडी, मग आपली, ऐसे सहा वेळां सरकविले, आणि चहावाल्यासमोर नाईकांस म्हणाले, "दोन गाड्यांचा राजा झालोय, मुजरा करा."

राव उठले तो सवादोन जाहले होते, आणि भाईंची गाडी भरून बाहेर येत होती. राव तैसेच अनवाणी उतरून गर्जले, "माझा नंबर खाल्लास! पुन्हा खाल्लास!"

"नंबर राखलाय तुमचा, नाईकांस सांगून. पण आंत सही ड्रायव्हरची लागते," भाई म्हणाले. "दोनदां उठवलं. दोन्ही वेळां म्हणालात, आई, अजून थोडं."

नाईक हसले, हमाल हसले. राव क्षणभर रागांतच राहिले, मग त्यांच्या ध्यानी आले कीं आपण पाच तास निजलो. आणि भाईंचे डोळे पाहिले, तो पिकल्या मिरचीसारखे लाल होते. राव म्हणाले, "गाडी बाजूला लाव आणि दोन्ही किल्ल्या इकडे दे, माझी आणि तुझी."

"मी आतां निघतो. उतार आहे, तासाभराचं काम."

"मीही हेच म्हणायचो. दे."

भाईंनी किल्ल्या दिल्या आणि निजले. तीनास रावांची गाडी भरली, तरी राव निघाले नाहीत, चिंचेखाली बसून राहिले. मालकाचा फोन आला, "कुठं आहात?"

"एक माणूस झोपलाय. उठला कीं निघतो."

"कोण, क्लीनर?"

"नाही. मागचा."

मालकांनी फोन ठेविला. साडेपाचास भाई आपणहून उठले आणि दोन्ही गाड्या पुढेमागे, खालच्या गियरांत, उजेड आहे तोंवर घाट उतरल्या. रावांनी पायथ्यास थांबून घरी फोन केला आणि पुसण्यापूर्वीच म्हणाले, "झोपलो होतो."

येणेप्रमाणे वर्तमान. माल अडीच तास उशिरा पोंचला, त्याची बोलणी राव उभ्याने खाते जाहले. दरवाज्यावरची शिट्टी अद्याप तैसीच वाजते, मात्र त्या रांगेत हल्ली किल्ल्या एकमेकांच्या खिशांत असतात आणि निम्मे सरदार घोरत असतात. लिहिणाराने जे पाहिले तेवढेच लिहिले, येथे हात थांबविला.