उणे धान

गोदाम छतापर्यंत धानाने भरलं होतं आणि संगणक सांगत होता, गोदामात धान उणे आहे.

"उणे म्हणजे?" गोदामपाल केवळरामने विचारलं.

"म्हणजे नाई त नाईच काका, वरून आपल्यालेच भरून द्या लागन," संगणक चालवणारा टिकेश म्हणाला.

मुर्रीकडच्या या धान खरेदीच्या सोसायटीत केवळरामचं आयुष्य गेलं होतं. महिनाअखेर तो निवृत्त व्हायचा होता. माल आणि संगणकाचा आकडा जुळल्याशिवाय नवा माणूस चार्जवर सही करणार नव्हता, आणि सहीशिवाय सुटका नव्हती.

टिकेशने गोंदियाच्या मोठ्या ऑफिसला फोन लावून कारण काढलं. "मोठ्या ऑफिसच्या मशीनमधी आकड्याले जागा मोठी, आपल्या प्रोग्राममधी लहान. धान वाढला का आकडा मावत नाई, उलटा पडते. ते वाढवाले नागपूरचा इंजिनिअर पाहिजे. तो म्हणते, होळी झाल्यावर पाहू."

"होळीपर्यंत मी काय इथंच मरू का गा?" केवळराम विचारात पडला. मग म्हणाला, "पायली लहान असन त दोनदा भराची. घरात दोन भावांचं जमलं नाई त आंगनात भिंत घालतेत. तू गोदामाची वाटणी कर ना बाबू."

टिकेशने अर्धं धान 'गोदाम दोन' म्हणून चढवलं. उणे गेलं. केवळरामने खुशीत साऱ्या हमालांना चहा पाजला.

चहाचे कप विसळून होताहेत तोच गोंदियाहून मोठ्या साहेबांचा फोन आला. दुसरं गोदाम कधी बांधलं? कोणाला विचारून? उद्या पाहायला येतो.

सोसायटीचे अध्यक्ष गुलाबचंद हातातला पानाचा विडा तसाच धरून बसले. "केवळराम, तोंडानं बांधलं ना तू? आता विटानं बांध!"

रातोरात पोत्यांच्या थप्प्यांमधून भिंत उठली, मागच्या अंगाला दार फुटलं. साहेबांनी दोन्ही दारांतून डोकावलं, मान हलवली. "या दुसऱ्याचा गोदामपाल कोण?"

"हाच," गुलाबचंदांनी बोट दाखवलं. केवळराम दोन गोदामांचा धनी झाला.

पुढे भरडाईसाठी गिरणीचे ट्रक आले. मागचं दार सडकेला लागून, म्हणून हमालांनी गोदाम दोनच झाडून नेलं.

महिनाअखेर चार्ज घ्यायला उदाराम आला. माणूस मोठा संशयी. गोदाम एकमधलं पोतं न् पोतं त्याने मोजलं, आकडा जुळला, सही झाली. केवळरामचा जीव अर्धा भांड्यात पडला. मग त्याने मागच्या दाराचं, गोदाम दोनचं कुलूप काढलं.

आत एक दाणा नव्हता.

"धान?"

"गिरणीत गेला."

"मशीन काय म्हणते?"

"शून्य," टिकेश अभिमानाने म्हणाला. "एकदम बरोबर हाये!"

उदारामने मोकळ्या फरशीकडे पाहिलं, केवळरामकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कुलपाकडे.

"सारं बरोबर हाये म्हणता," तो म्हणाला, "मंग रिकाम्या गोदामाले कुलूप कायले लावून ठेवलं होतं?"

आणि त्याने पेन खिशाला अडकवलं.