सहा वाजता हलायचं नाही

"बागेत उशी नेऊ नकोस," सोमजितबाईंनी सुनेला दारातच बजावलं होतं. "त्या वासावर काहीही येईल."

"आई, बँकॉकच्या भर वस्तीत काय येणार आहे?" पिमनं हसत चपला घातल्या. कॉलेजात ती बालमानसशास्त्र शिकली होती. मुलाची लाडकी वस्तू हिसकावून घेऊ नये, असं पुस्तकात होतं. तिच्या वासाबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

उशी तिच्या लेकीची, बायतोयची. इथे घरटी एक कुजकी उशी असतेच. बाळ जन्मलं की कुणीतरी सावरीचा कापूस भरून शिवतं. मग बाळ ती चघळतं, तिच्यावर लाळ गाळतं, दूध सांडतं आणि तिच्याशिवाय डोळ्याला डोळा लावत नाही. पिमनं एकदाच ती धुतली होती. "वास मेला!" म्हणून बायतोयनं असा टाहो फोडला की शेजारणी सांत्वनाला आल्या.

बागेचा बेत पिमचाच होता. नवरा वुत दर शनिवारी मॉलचं नाव काढायचा. "थंड हवा फुकट असते गं."

"हवा फुकट. मग फुगा, मग आईस्क्रीम, मग ते डोलणारं घोडं. घरी येईस्तोवर आपण थंड आणि खिसाही थंड."

बागेत सगळंच फुकट. झाडं, गवत, तळं. चटई घरची, भाजलेली कोंबडी घरची, चिकट भात घरचा. मोठ्या पिशवीत पिमनं डासांचं तेल, छत्री, मलमपट्टी, जादा फ्रॉक आणि शिट्टी भरली.

"शिट्टी कशाला?" वुतनं विचारलं.

"बायतोय हरवली तर."

"हरवेल ती, आणि शिट्टी तुझ्याकडे?"

पिमनं आणखी एक शिट्टी शोधून लेकीच्या गळ्यात अडकवली आणि पहिली स्वतःच्या. एवढ्या तयारीत मोठ्या पिशवीत उशीला जागाच उरली नाही. ती कोंबडीच्या पिशवीत गेली.

संध्याकाळ मात्र मोठी छान गेली. बायतोय गवतात लोळली, मुंग्यांशी बोलली. तळ्याकाठी एक घोरपड पडली होती, शेपटी धरून लांबीला वुतएवढी. पिमनं ती आल्याआल्याच हेरली होती. चटई लांब अंथरली होती आणि स्वतः घोरपड नि लेक यांच्या मधोमध बसली होती. एक डोळा इकडे, एक तिकडे.

जेवायला म्हणून पिशवी उघडली आणि सहा वाजले.

झाडावरच्या कर्ण्यांतून रोजच्याप्रमाणे राष्ट्रगीत सुरू झालं. धावणारे थांबले. पायानं चालवायच्या होड्यांतले पाय थांबले. कसरत करणाऱ्या आज्यांनी उचललेले हात खाली घेतले. पिम आणि वुत उठून ताठ उभे राहिले. बायतोय तर बालवाडीत शिकवल्याप्रमाणे खांबासारखी उभी. सबंध बागेत हलत होती ती फक्त बालवाडीत न गेलेली घोरपड.

"वुत," पिम ओठ न हलवता म्हणाली, "ती येतेय."

"दिसतंय."

"मग कर की काहीतरी!"

"काय करू? राष्ट्रगीत चालू आहे."

"आई, बोलायचं नाही," बायतोय कुजबुजली. "बाई कोपऱ्यात उभं करतात."

शेजारी घामानं निथळणारे एक काका धावताधावता थांबले होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "पोरी, ती पिशवी तुमची का?"

"हो, काका."

"गेली म्हणून समज."

पिमच्या गळ्यात शिट्टी होती. पण राष्ट्रगीतात शिट्टी वाजवायची कुणी? घोरपड सावकाश चटईवर चढली. तिनं पिशवीत तोंड घातलं, कोंबडीचं पुडकं बाहेर ओढलं, हुंगलं आणि बाजूला ठेवलं. मग उशी तोंडात धरली आणि आली तशीच शांतपणे परत निघाली.

गाणं संपताच पिम धावली. तोवर उशी तळ्यात शिरली होती. थोडा वेळ ती होडीसारखी तरंगत गेली आणि पलीकडच्या बेटावरच्या झुडपात दिसेनाशी झाली.

"कोंबडी सोडली तिनं," वुत म्हणाला.

"म्हणजे?"

"काही नाही. मी आपलं म्हटलं."

रखवालदारानं हात जोडले. "ताई, तिकडे नाही जाता येत. ते त्यांचं घर."

बायतोय रडली नाही, आणि पिम त्यानंच घाबरली. रडणं झोपायच्या वेळेसाठी राखून ठेवलंय, हे उघड होतं. शेवटी ते मॉलमध्ये गेलेच. दुकानातली सगळ्यात मऊ उशी घेतली. बायतोयनं ती हुंगून आईच्या हातात परत दिली. "हिच्यात कुणीच नाही."

घरी सोमजितबाई "सांगितलं होतं ना" असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "शेपटी किती हात होती? लॉटरीचा आकडा लावीन म्हणते."

अंथरुणं पडली. तिघं मोठी माणसं श्वास रोखून बसली, राष्ट्रगीत लागल्यासारखी.

"आई," बायतोय म्हणाली, "तिच्या बाळाला झोप येत नसणार. म्हणून नेली ना?"

"हो गं राणी."

"मग ठीक." तिनं कूस बदलली. बघताबघता ती घोरायलाही लागली.

वुत झोपला. सोमजितबाई झोपल्या. पिमला मात्र काही केल्या झोप येईना. बायतोय जन्मल्यापासून रोज लेकीला थोपटताना तीही त्या उशीत नाक खुपसत आली होती, हे तिला आज कळलं. नव्या उशीत खरंच कुणी नव्हतं.

तर वाचकहो, पिमची तुम्हाला एक विनंती आहे. त्या बाजूला गेलात तर तळ्याकाठी जरा थांबा आणि बेटावरच्या झुडपात डोकावून बघा, त्या बाळाला झोप लागते का. आणि उशी काठाला लागलेली दिसलीच, तर कृपा करून धुऊ नका.