अल्याडचे हरीभाऊ

हरीभाऊ तामोऱ्यांना जंगल आवडत नाही. डोंगर तर त्याहून नाही. "सपाट नाय ते काय कामाचा?" असं ते डोंगराच्या तोंडावर म्हणतात. आणि तरीही पावसाळा सोडला, तर महिन्यातला एक रविवार हा माणूस जव्हारच्या बाजूला, डोंगरातल्या एका नदीकाठी तंबू ठोकून बसलेला असतो.

आम्ही दोघं बोईसरच्या एका कारखान्यात. मी लॅबमध्ये, ते स्टोअरमध्ये. हरीभाऊ मूळचे समुद्रकाठच्या दांडीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या, पण यांनी नोकरी धरली आणि स्टोअर असं कडक ठेवलं की चिठ्ठीशिवाय साधा वॉशर बाहेर पडत नाही. एकदा एक फिटर काकुळतीला येऊन म्हणाला, "चाचा, एक ही तो नट चाहिए." हरीभाऊ शांतपणे म्हणाले, "एकच हाय ना? मग एकच चिठ्ठी आन."

असा माणूस सोमवारी डासांनी फोडलेला चेहरा आणि आखडलेली मान घेऊन कामावर यायचा. "काय हरीभाऊ, कॅम्प कसा झाला?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "कसला कॅम्प! दगडावर झोपायचा आन्‌ किड्यांना जेवू घालायचा." मग का जाता, असं विचारलं की ते चष्मा पुसायला घेत.

शेवटी कुतूहल म्हणून मीच एकदा त्यांच्याबरोबर गेलो. बेटेगाव मागे पडलं, मनोर आलं, पुढे चढ सुरू झाला. माझ्या स्कूटरच्या मागे बसून हरीभाऊ प्रत्येक वळणाला नावं ठेवत होते. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत सुके बोंबील.

कॅम्पचा मालक त्यांना चांगला ओळखत होता. त्याने बिचाऱ्याने टेकाडावरची जागा दाखवली. तिथून मावळता सूर्य छान दिसतो म्हणे.

"सूर्य काय बघायचा? आमच्याकडे रोज दर्यात बुडतो," हरीभाऊ म्हणाले आणि खाली, अगदी पाण्याजवळ, दगडधोंड्यांत तंबू ठोकला. दार नदीकडे. त्यांच्या पिशवीच्या वासाने शेजारचे दोन तंबू वारा बघून लांब सरकले.

सकाळी दहाच्या सुमाराला पलीकडच्या काठावर एक बाई कपडे धुवायला उतरली. हरीभाऊ उठले, शर्ट नीट खोचला आणि ओरडले, "कुंदा! बरी हाय का?"

"बरी हाय, दादा! तू बारीक झालास!"

नदीचं पात्र असं, की आवाज चढवला तरच ऐकू जावं. तासभर दोघं ओरडून बोलत होते. कोणाचं लग्न ठरलं, यंदा बोंबील किती आला, मास्तरांचा खोकला गेला का. मग हरीभाऊ गुडघाभर पाण्यातून नदीच्या मधल्या खडकापर्यंत गेले, पिशवी ठेवली आणि परत आले. ते काठावर पोचल्यावर ती निघाली, पिशवी घेतली, त्या जागी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी ठेवली आणि मागे फिरली.

मग हरीभाऊंनी सगळं सांगितलं. कुंदा ही त्यांची धाकटी, एकुलती एक बहीण. दांडीच्या शाळेत नेमणुकीवर आलेल्या एका डोंगरातल्या मास्तरांशी तिने लग्न केलं. ते जातीबाहेरचे. बापाने घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटच्या आजारात हरीभाऊंचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं की तिच्या गावात पाय ठेवणार नाही. तिकडे कुंदाही निघताना बापाला बोलून गेली होती की तुमच्याकडे जाणाऱ्या वाटेवर परत पाय टाकणार नाही. तिच्या गावाची हद्द नदीपर्यंत. नदी ओलांडली की ती वाट लागते, असा तिचा हट्ट. दोघंही एकाच बापाची.

"अहो, पण मधल्या खडकावर दोघांनी एकदम बसायला काय हरकत आहे?" मी म्हटलं.

"तो खडक कोणाच्या गावात धरायचा? तलाठ्याला विचारायला लागेल," हरीभाऊ गंभीरपणे म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "बापूस जिता असता तर भांडून शपथ परत घेतली असती, राऊत. आता कोणाशी भांडू?"

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. दहा वाजले, अकरा वाजले. कुंदा आली नाही. हरीभाऊ पाण्याच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. एकदा मी चहा पुढे केला तर तो त्यांनी न पिताच नदीत ओतला. बाराच्या सुमाराला पलीकडून एक काटकुळे, पिकल्या मिशांचे गृहस्थ उतरले. पाण्यातून थेट आमच्याकडे आले. ते मास्तर होते.

"दादा, ती ओट्यावरून घसरली. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. सकाळपासून विचारतेय, दादा आला का, दादा आला का."

हरीभाऊंनी पलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

मास्तरांनी धोतर वर खोचलं आणि त्यांच्यापुढे पाठ करून वाकले. "बसा."

"काय?"

"पाठीवर बसा. पाय ठेवायचा नाही एवढंच ना? नका ठेवू."

हरीभाऊ चांगले भरलेले गृहस्थ. मास्तर वाऱ्याने हलतील असे. पण डोंगरातला माणूस. एक हुंकार देऊन उठले आणि चालू लागले. ज्या जावयाला बापाने दारातून हाकललं होतं, त्याच्या गळ्याला मिठी मारून हरीभाऊ तामोरे नदी ओलांडत होते, आणि मागून मी बोंबलांची पिशवी घेऊन. मधेच त्यांचा दबका आवाज आला, "मास्तर, जड झालो का?" मास्तर धापा टाकत म्हणाले, "तुम्ही बोलू नका. बोललात की हलता."

चढावर दोनदा थांबून, दम घेऊन, मास्तरांनी त्यांना थेट घरात नेलं आणि कुंदाच्या खाटेवर उतरवलं. हरीभाऊ पाय वर घेऊन मांडी घालून बसले. समोर कुंदा, प्लास्टरचा पाय पसरून. इतकी वर्षं ओरडून बोलणारी ही दोघं, हातभर अंतरावर आल्यावर त्यांना बोलताच येईना. हरीभाऊ सवयीने जोरात म्हणाले, "बरी हाय का?" घर दणाणलं. कुंदा हसली आणि तिला रडू फुटलं.

"थांब, पाणी देते," म्हणत ती सवयीने उठायला गेली. पाय विसरली. तोल गेला.

हरीभाऊंनी उडी मारली आणि तिला वरच्यावर धरलं. दोन्ही पाय सारवलेल्या जमिनीवर, घट्ट.

मास्तर पायांकडे बघत होते, मीही. हरीभाऊंनीही खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बहिणीला हळूच खाटेवर बसवून त्यांनी विचारलं, "चूल कुठं हाय? बोंबील भाजतो."

त्या दिवशी ते तिच्याजवळून हलले नाहीत. तिला जेवू घातलं, मास्तरांना आग्रह केला. परकर-पोलक्यातली कुंदा होडीत लपून बसली होती, ती गोष्ट तीनदा सांगितली. उन्हं कलल्यावर, मी पुढे जाऊन तंबू गुंडाळला, मागून हरीभाऊ आले आणि आम्ही निघालो.

मनोरला चहाला थांबलो. हायवेवरून ट्रक जात होते. हरीभाऊ हातात कप धरून बसले होते, वाटेत एका वळणालाही त्यांनी नाव ठेवलं नव्हतं.

"राऊत," ते म्हणाले, "कुंदाचे केस पांढरे झालेत."

मी कप खाली ठेवला.

"पल्याडून दिसत नव्हते."