स्वतःसमक्ष हजर

"साहेब, तुम्ही तुमच्याच समोर हजर झाला होता का?"

बँकेच्या लॉकर विभागातल्या कारकुनाने हे अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. नोटरीसाहेबांनी काचेखालून आलेला कागद उचलला. चष्मा लावला. कागद त्यांचाच होता. खाली प्रतिज्ञार्थी म्हणून त्यांची सही होती. शेजारी, 'सदर इसम माझ्यासमक्ष हजर झाला, मी त्यास मजकूर वाचून दाखवला, त्यास तो समजला' या ओळीखालीही त्यांचीच सही होती आणि वर गोल शिक्का.

"म्हणजे तुम्ही स्वतःला वाचून दाखवलंत?" कारकून म्हणाला. "आणि तुम्हाला समजलं?"

मागे रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. नोटरीसाहेबांचे कान तापले. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना ऐकवलं होतं, की माणूस समोर आल्याशिवाय शिक्का नाही आणि स्वतःच्या कागदावर तर कधीच नाही. साडूने एकदा घरी कागद पाठवून दिला होता, तर त्याला तापात अंथरुणातून उठवून ऑफिसात आणवलं होतं. साडू अजून नीट बोलत नाही.

"हे मी वरच्या साहेबांकडे पाठवलं असतं तर तुमचा परवाना गेला असता," कारकून हळू आवाजात म्हणाला. "चार वाजेपर्यंत दुसऱ्या नोटरीकडून करून आणा. ओळखपत्र इथेच राहू द्या, फॉर्मला टाचलंय."

बाकावर मुलगी बसली होती. लॉकर बायकोचा. तो तिने लग्नाआधी घेतलेला, माहेरच्या नावावर. मृत्यूचा दाखला सासरच्या नावाचा. दोन्ही नावांची बाई एकच, एवढं शपथेवर लिहून द्यायचं होतं. लॉकर उघडताना दोघा वारसांनी हजर राहायचं, आणि मुलीची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. किरकोळ. शिक्का पुसट आलाय."

ऑफिसात आल्या आल्या ते टायपिस्टबाईंवर घसरले. "हा कागद माझ्यापुढे ठेवलात कसा तुम्ही?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात, टाइप करून ढिगात ठेवा. ढिगातलं सगळं तुम्ही सह्या करून परत दिलंत."

"मी वाचलं नाही?"

बाईंनी टाइपरायटरवरची नसलेली धूळ पुसली. "तीन महिने झाले साहेब, तुम्ही वाचत नाही. मॅडम असताना त्या वाचून काढायच्या. माणूस आला का, खरंच आला का, दहादा विचारायच्या. आता कोण विचारणार?"

बाईंनी नोटरीची जागा कोरी ठेवून तोच मजकूर पुन्हा टाइप करून दिला. या वेळी तरी त्यांनी वाचायला हवा होता. त्यांनी घडी घालून खिशात टाकला. त्यावर बायकोचं नाव दोनदा होतं, आणि ते त्यांना बघवत नव्हतं. पण हे कोणाला सांगणार?

दुसरा नोटरी जवळचा म्हणजे रस्त्यापलीकडचा. त्याला नोटरीसाहेब वकिलांच्या बाररूममध्ये आणि आपल्या ऑफिसातही ठप्पेवाला म्हणत. "मेलेला माणूस तिरडीवरून नेला तरी तो शिक्का मारेल," असंही एकदा म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

ठप्पेवाल्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ओळखपत्र?"

"बँकेत आहे. अहो, पण तुम्ही मला बावीस वर्षं ओळखता!"

"ओळखतो. तुम्हीही मला ओळखता. काय म्हणून ओळखता, तेही मला माहीत आहे. खिडकी समोरच आहे, आवाज येतो." तो हसला नाही. "ओळख पटवणारा कोणी आणा."

नोटरीसाहेब खाली मान घालून जिना उतरले आणि बँकेतून मुलीला घेऊन आले. येताना रस्त्यात तिला सगळं सांगावं लागलं.

"या गृहस्थांना ओळखता?" ठप्पेवाल्याने तिला विचारलं.

"वडील आहेत माझे."

"व्यक्तिशः ओळखता?"

तिने बाबांकडे पाहिलं. "आजपर्यंत वाटत होतं तसं."

ठप्पेवाल्याने रजिस्टर उघडलं, दोघांच्या सह्या घेतल्या, आणि कागद हातात धरून मोठ्याने वाचायला लागला. एकेक शब्द, थांबून थांबून. बायकोचं माहेरचं नाव आलं. सासरचं नाव आलं. नोटरीसाहेब टेबलाच्या कडेकडे बघत बसले.

"...तरी वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून, ती हयात आहे व माझ्यासोबत वरील पत्त्यावर राहते."

ठप्पेवाला थांबला. मुलीने तोंडावर हात ठेवला. टायपिस्टबाईंनी नेहमीचा नमुना वापरला होता. नाव बदललेल्या बायकांसाठीचा. त्या सगळ्या जिवंत असत. म्हणजे हीच ओळ सकाळी शपथेवर बँकेत गेली होती. कारकुनाने फक्त सह्या बघितल्या होत्या.

"मजकूर खरा आहे?" ठप्पेवाल्याने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

भिंतीवरच्या घड्याळात चाराला अठरा मिनिटं कमी होती. बँक पाच मिनिटांवर.

"बँकेत हे कोणी वाचणार नाही," ठप्पेवाला म्हणाला. "मी शिक्का मारला तर तुमचं काम होईल. पण मी मारणार नाही. राग मानू नका."

"मारू नका," नोटरीसाहेब म्हणाले. "खोटं आहे ते."

"मग एवढी ओळ खोडा. शेजारी छोटी सही करा. तुम्हीच. दुसऱ्या कोणी करून चालत नाही."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी पेन घेतलं. हजारो लोकांना त्यांनी हेच सांगितलं होतं, अहो काय त्यात, सरळ रेघ मारा. पेनाचं टोक 'हयात'वर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. मुलीने घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. ठप्पेवाल्याने खाली थांबलेल्या एका पक्षकाराला खिडकीतून सांगितलं, "उद्या या. आत माणूस आहे."

रेघ मारली तेव्हा ती वाकडी गेली. शेजारची सही त्याहून वाकडी.

"रजिस्टरातल्या सहीशी जुळत नाही," ठप्पेवाला म्हणाला. "परत करा. सावकाश."

दुसरीही जुळली नाही. तिसरी जुळली. नोटरीसाहेबांनी नाक पुसलं आणि ठप्पेवाल्याकडे न बघता म्हणाले, "मी तुमच्याबद्दल फार वाईट बोललोय."

"निम्मं खरं होतं," तो म्हणाला. "पण तिरडीचं जरा जास्तच झालं."

त्याने शिक्का मारला आणि त्यावर फुंकर घातली. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. मुलगी खिडकीशी जाऊन तिच्या ऑफिसला फोन लावत होती.

"सर, मी परवा येते... नाही, सगळं ठीक आहे... हो, बाबाही बरे आहेत." ती जरा थांबली. "त्यांना एक ओळ खोडायची होती. वेळ लागला."