घरच्या कर्त्याचा अंगठा

बाइंडरने त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदाच हात अगदी स्वच्छ धुतले आणि तिथेच सगळं बिनसलं.

एरवी पुस्तकं बांधून तो घरी येई, तेव्हा बोटांवर वाळलेल्या सरसाचा पापुद्रा असे. दार उघडलं की तो तिथेच उभा राहून पापुद्रा सोलायचा आणि चौकटीला चिकटवायचा. बायको रोज ओरडायची. (वीस वर्षं. आता ओरडली नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई.)

त्याच्या दोनच दिवस आधी त्याने दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवलं. कामावरून आल्या आल्या, तशाच हाताने, स्वतःचा अंगठा नोंदवला.

"माझाही घ्या की," बायको म्हणाली.

"तुझा रविवारी. आधी घरच्या कर्त्याचा."

जास्तीची किल्ली त्याने जपून ठेवली. (कपाटात. म्हणजे आत.)

त्या दिवशी सुट्टी होती. शेजारच्या निवृत्त मास्तरांचा शब्दकोश घरीच बांधावा असं त्याने ठरवलं. स्वयंपाकघरात सरसाला बंदी होती, पण बायको बहिणीकडे गेलेली. त्याने सरस तिच्या दुधाच्या पातेल्यात तापवला, शब्दकोशाच्या पाठीला त्याचा एक हात दिला आणि उरलेला पुन्हा गॅसवर ठेवला. मग पुरावा नको म्हणून बोटं गरम पाण्याने खसाखसा घासली आणि सरसाचा रिकामा पुडा खाली कचऱ्यात टाकायला गेला. मागे दार आपोआप बंद झालं.

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा," परत आल्यावर कुलपातली बाई म्हणाली.

त्याने अंगठा पुसला, फुंकला, पँटवर घासला. बाई मऊ आवाजात तेच म्हणत राहिली. दाराच्या फटीतून सरस करपल्याचा वास यायला लागला. आत गॅस चालू होता, आणि गॅसच्या वरच खिडकीचा पडदा लोंबत होता.

आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. त्यांनी अंगठा उजेडात धरला.

"कागद हाताळून रेषा पार झिजल्यात. पण काळजी नको. त्वचेचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, तो झडतच असतो. ठसा खालच्या थरातून येतो. तोच पुन्हा उगवणार."

"कधी?"

"महिनाभरात."

"मास्तर, गॅस चालू आहे."

"मग जरा घाम येऊ दे. तळहाताला घर्मग्रंथी भरपूर असतात."

घाम केव्हाच आला होता. अंगठा काचेवरून नुसता घसरत होता. तेवढ्यात जिन्यात बायको दिसली. तिने आधी हवा हुंगली.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात?"

त्याने मान खाली घातली. "आणि अंगठा चालत नाहीये."

"परवा नोंदवला तेव्हा हात धुतले होते?"

"नाही."

तिने चौकटीवरून त्याच्या अंगठ्याचा कालचा पापुद्रा नखाने अलगद सोडवला, स्वतःच्या अंगठ्यावर बसवला आणि काचेवर टेकवला.

"स्वागत आहे," कुलपातली बाई म्हणाली.

बायकोने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, पण पडदा शाबूत होता, शब्दकोशही शाबूत होता. बाइंडर तिथेच फरशीवर बसला. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बायकोने त्याचा लालबुंद अंगठा हातात घेतला. "किती घासलात हो," ती म्हणाली आणि त्यावर खोबरेल तेल लावलं. पातेल्याचा विषय तिने पूर्ण दहा मिनिटं काढला नाही.

रविवारी तिचा अंगठा पहिल्याच फटक्यात नोंदला गेला. त्याचा काही केल्या नोंदेना. तो पापुद्रा आता तिच्या चष्म्याच्या डबीत असतो, आणि बाइंडर बेल वाजवून घरात येतो.

एकदा मीटरवाला आला. बाइंडरनेच दार उघडलं.

"घरचे कर्ते आहेत का?" मीटरवाल्याने विचारलं.

"डबीत आहेत," आतून बायको म्हणाली. "दारात आहेत ते आमचे मिस्टर."